बाबालाल मिस्त्री विसरले नव्हते

गेल्या महिन्यात ओंकार नावाचा एक तरुण माझ्याकडे आला. कोल्हापुरात जुन्या मोटरसायकली सांभाळणारी जी हौशी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी तो एक पुस्तिका तयार करतो आहे. कुठल्या घरात कुठली गाडी होती, ती कुणी आणली, कुणाच्या हाताखालून गेली, असं बरंच त्यानं जमवलं आहे. "सर, बाबालाल मिस्त्रींकडं तुम्ही जात होता म्हणे. एवढं अर्धं पान तपासून द्या," असं म्हणून त्यानं कागद पुढं केला. मिस्त्रींबद्दल चांगलंच लिहिलं होतं. शेवटचं वाक्य मात्र असं होतं: 'उतारवयातील विस्मरणामुळे त्यांच्या हातून इनामदारांची दुर्मिळ गाडी निकामी झाली व त्यानंतर त्यांनी काम सोडले.'

मी म्हटलं, "राहू दे माझ्याकडं. दोन दिवसांनी ये." ओंकार त्यानंतर दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मी चष्म्याचं कारण सांगितलं.

गाडी निकामी झाली हे खरं आहे. काम सोडलं हेही खरं आहे. पण बाबालाल मिस्त्री काही विसरले नव्हते. विसरलो मी होतो. आणि हे मला त्याच सकाळी, रस्त्याच्या कडेला उभा असतानाच कळलं होतं. आज मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. एवढ्या वर्षांत मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच.

एक वाक्य खोडून दुसरं लिहून दिलं असतं तरी ओंकारचं काम झालं असतं. पण ते गेलेले गृहस्थ कसे होते हे सांगितल्याशिवाय माझ्या हातून त्यांचं काय गेलं हे कुणाला कळायचं नाही.

शाहूपुरीत गुळाच्या अड्ड्यांच्या मागं एक बोळ होता. हंगामात तिथं गुळाचा वास इतका दाट असायचा की चहात साखर कमी घातली तरी चालेल असं वाटे. बोळाच्या टोकाला पत्र्याचं छप्पर, खाली शहाबादी फरशी, मागच्या दारातून आत गेलं की मिस्त्रींचं घर. पाटी नव्हती. सांगली, बेळगाव, पार गोव्याहून माणसं जुन्या विलायती मोटरसायकली टेंपोत घालून तिथं यायची आणि पाटी नसल्यामुळं गुळाच्या व्यापाऱ्यांना पत्ता विचारत फिरायची. व्यापारी वैतागायचे. "मिस्त्री, एक बोर्ड लावा की! आमी गूळ इकायचा का तुमचं गिऱ्हाईक पोचवायचं?" मिस्त्री म्हणायचे, "ज्याला गाडीची गरज हाय त्यो इच्चारत येतोय. बाकीचं कशाला पायजेत?"

बाबालाल मिस्त्री ठेंगणे होते, खांद्याला रुंद. तरुणपणी तालमीत होते. डावा कान मोडलेला, पैलवानांचा असतो तसा गोळा झालेला. इंजिन ऐकताना ते नेमका तोच कान पुढं करत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "चांगल्या कानाला लई ऐकू येतंय, मास्तर. गल्लीतली भांडणंबी ऐकू येत्यात. ह्याला कामापुरतं येतंय."

काम करताना त्यांच्या अंगात पांढरा पायजमा असायचा आणि संध्याकाळी तो पांढराच असायचा. इतर मिस्त्रींचे कपडे बघून ते तोंड वाकडं करत. तेल गाडीत असावं, अंगावर आलं म्हणजे कुठंतरी गळतंय, असं त्यांचं म्हणणं. एका वेळी दोनपेक्षा जास्त गाड्या घ्यायच्या नाहीत, आणि गाडी चालवत आणायची नाही, ढकलत आणायची. तापलेलं इंजिन ते उघडत नसत. तरीही कुणी चालवत आणलीच, तर गाडी गार होईपर्यंत त्याला बसवून ठेवत. तेवढ्यात तो गाडीबद्दल काय काय बोलतो ते ऐकत आणि त्यावरून गाडी घ्यायची की नाही ते ठरवत. दुपारी एक वाजून गेला की आतून त्यांच्या बायकोचा, हमिदाभाभींचा, आवाज यायचा, "जेवायला येतायसा का ताट हितंच टाकीत वतू?"

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या मूर्खपणातून. मी तेव्हा एका शाळेत हंगामी शिक्षक होतो. हातकणंगल्यात स्टेशनजवळ एका शेतकऱ्याच्या गोठ्यात मला एक मोडकी विलायती गाडी सापडली. तिच्यावर कोंबड्या बसत. गाडीच्या कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. हल्ली लोक नाव वाचलं की फोनवर किंमत बघत बसतात. ती गाडी मी घेतली आणि पहिलं काम काय केलं, तर ट्रक रंगवणाऱ्या पेंटरकडून ती लालभडक रंगवून घेतली. टाकीवर गरुड काढून घेतला. मग मोठ्या ऐटीत ढकलत मिस्त्रींच्या बोळात नेली.

मिस्त्रींनी तिच्याभोवती एक फेरी मारली. "वरात कवा हाय?" त्यांनी विचारलं.

"कसली?"

"न्हाय, नवरदेव नटवून आणलाय म्हनून इच्चारलं."

बोळातले हमाल हसले. मी परत निघालो. मिस्त्रींनी हँडल धरलं. "रागावू नगा, मास्तर. हिकडं बगा." त्यांनी टाकीच्या खालच्या कडेला, जिथं पेंटरचा ब्रश पोचला नव्हता, तिथं रॉकेलचं फडकं घासलं. काळा रंग दिसला आणि त्यावर केसाएवढी एक सोनेरी रेघ. "ही रेघ इंग्लंडात कुनीतरी हातानं वडलीया. पट्टी न्हाय, काय न्हाय. श्वास धरून वडली आसंल. तिच्यावर तुमी गरुड बसिवला."

चार महिने दर रविवारी बसून आम्ही दोघांनी तो लाल रंग नखानं आणि रॉकेलनं उतरवला. खालचा रंग जागोजागी उडालेला होता, टाकीला पोचे होते. मी म्हटलं, आता तरी नवा रंग देऊ. ते म्हणाले, "नवी गाडी पायजे आसंल तर दुकानात जावा. ही जशी जगली तशी दिसू द्या." मला तेव्हा ते पटलं नाही. गाडी तयार होऊन उन्हात उभी राहिली तेव्हा पटलं. त्यानंतर माझे रविवार त्या फरशीवरच गेले. मी त्यांना चाचा म्हणू लागलो. ते मला शेवटपर्यंत मास्तरच म्हणाले.

हातात आलेल्या प्रत्येक गाडीच्या इंजिनावरचा आणि सांगाड्यावरचा नंबर ते पातळ कागद ठेवून, वर पेन्सिल घासून उतरवून घेत. असे छाप चिकटवलेल्या पाच-सहा वह्या त्यांच्याकडं होत्या. इंजिन आणि सांगाडा कारखान्यातून बरोबर निघालेले असले की ते म्हणत, "जोड हाय." जोड असलेली गाडी आली की त्या दिवशी चहा दोनदा व्हायचा. एकदा मुंबईहून एक गृहस्थ आले. इंजिन एका गाडीचं, सांगाडा दुसरीचा. त्यांना जुळणारा नंबर इंजिनावर ठोकून हवा होता. फार गोड बोलत होते. मिस्त्रींनी त्यांना चहा पाजला, वही काढली, कारखान्यात उमटलेला नंबर आणि हातानं ठोकलेला नंबर यांचे छाप शेजारी शेजारी दाखवले.

"फरक कळतोय?"

"मला नाही कळत," गृहस्थ म्हणाले, "आणि घेणाऱ्यालाही कळणार नाही."

"गाडीला कळतंय की, पावणं. तिचं नाव तिच्या आईबापानं ठेवलंय. मी बारसं करत न्हाय." गृहस्थांनी आणखी काही बोलायच्या आत आतून भाभी म्हणाल्या, "कप ठेवा नि जावा आता. त्यांचं जेवान गार व्हतंय."

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावातला प्रसंगही सांगितला पाहिजे. तिथं एक निवृत्त सुभेदार होते. उजवं अंग लुळं पडलेलं, वाचा गेलेली. पलटणीतून सुटताना घेतलेली त्यांची मोटरसायकल पंधरा वर्षं गोठ्यात उभी होती. मुलगा ती भंगारात घालणार होता. सुभेदारांच्या बायकोनं मिस्त्रींना निरोप पाठवला: विकायच्या आधी यांना एकदा तिचा आवाज ऐकवता येईल का?

एरवी शुक्रवारी ते कामाला हात लावत नसत. त्या बाईंसाठी तीन शुक्रवार, नमाज झाल्यावर, हत्यारांची पिशवी घेऊन ते एसटीनं गेले. तिसऱ्या वेळी शाळेला सुट्टी होती म्हणून मी बरोबर होतो. गाडी अंगणात आणली, सुभेदारांची बाज दारात सरकवली. चौथ्या किकला इंजिन लागलं. म्हाताऱ्याचे डोळे छताकडं होते, चेहरा हलला नाही. मला वाटलं, सगळं फुकट गेलं. मग मिस्त्रींनी मला कोपरानं ढोसलं. सुभेदारांच्या डाव्या हाताची चार बोटं हळूहळू आत वळत होती. क्लच दाबत होते ते. मिस्त्री गाडीवर बसले, क्लच दाबला, गिअर टाकला आणि थांबून राहिले. म्हाताऱ्याची बोटं सुटायला लागली तसा त्यांनीही क्लच सोडला. अंगणातून वेशीपर्यंत गाडी गेली आणि परत आली. सुभेदारांच्या बायकोनं पदर डोळ्याला लावला. परतीच्या एसटीत मिस्त्रींनी हत्यारांची पिशवी मांडीवर घेतली. वाघबीळचा फाटा गेल्यावर म्हणाले, "भाडं वसूल झालं बगा."

आता ती गाडी.

दादासाहेब इनामदारांच्या वडिलांनी ती बोटीनं मागवलेली होती. तशा गाड्या कारखान्यानं मोजक्याच काढल्या, आणि आपल्या बाजूला तर ही एकच. जोड होती. रंग मूळचा, सीटचं कातडं मूळचं, हत्यारांची चामडी थैलीसुद्धा मूळची. वडील गेल्यापासून ती नागाळा पार्कातल्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये बंद होती. मिस्त्री तिच्यावर दोन वर्षं खपले. एक बोल्ट नवा घातला नाही. एक वायसर मिळेना म्हणून आठ महिने थांबले, पण दुसऱ्या गाडीचा बसवला नाही. ती सुरू झाली त्या दिवशी त्यांनी भाभींना रिक्षानं बंगल्यावर आणलं आणि म्हणाले, "ऐक." भाभी म्हणाल्या, "ऐकलं. आता घरी या."

त्या जातीच्या गाड्यांचं एक दुखणं असतं. तेल वेगळ्या टाकीत असतं, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते हळूहळू इंजिनाच्या पोटात उतरतं. म्हणून मिस्त्री तेलाच्या नळीवर एक छोटा कॉक बसवत. उभी करताना कॉक बंद करायचा, सुरू करायच्या आधी उघडायचा. उघडायला विसरलात तर इंजिन कोरडं फिरतं आणि काही मिनिटांत संपतं. त्यासाठी त्यांचा एक नियम होता. कॉक बंद केला की किकच्या दांड्याला लाल चिंधी बांधायची. जो चिंधी सोडेल त्यानंच, त्याच क्षणी, कॉक उघडायचा. मधे पाणी प्यायचं नाही, कुणाला ओ द्यायची नाही. चिंधी दिसली नाही म्हणजे तेल सुरू आहे. वीस वर्षं या नियमानं त्यांना कधी दगा दिला नव्हता. हा नियम त्यांनी मला शंभर वेळा सांगितला होता.

दादासाहेबांकडं पुण्याहून जुन्या गाड्यांचे शौकीन चार पाहुणे खास ही गाडी बघायला आदल्या रात्रीच येऊन उतरले होते. सकाळी आठला निघून पन्हाळ्यावर जायचं, तिथं न्याहारी करायची असं ठरलं. दादासाहेब माझ्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष होते. दर उन्हाळ्यात मला कमी केलं जायचं आणि जूनमध्ये पुन्हा घेतलं जायचं; कायमचा हुकूम त्यांच्या सहीवर अडला होता. मी साडेसहालाच बंगल्यावर गेलो, फडकं घेऊन गाडी पुसायला लागलो. किकच्या दांड्यावर चिंधीखाली धूळ धरली होती. तो दांडा चमकवावा म्हणून मी चिंधी सोडली. हात कॉककडं जाणार, तेवढ्यात व्हरांड्यातून दादासाहेबांची हाक आली, "अहो मास्तर, आत या! पाहुण्यांना जरा गाडीची माहिती सांगा."

मी चिंधी खिशात टाकली आणि आत गेलो. पाऊण तास मी पुण्याच्या त्या जाणकार लोकांना गाडीबद्दल सांगत होतो. सगळं मिस्त्रींकडून ऐकलेलं. ते माना डोलवत होते. दादासाहेब म्हणाले, "आमच्या शाळेतले हुशार शिक्षक आहेत." मला फार बरं वाटलं. तो कॉक माझ्या डोक्यातून पुरता गेला.

आठ वाजता मिस्त्री आले, पांढरा पायजमा, डोक्याला नवी टोपी. त्यांची नजर आधी किकवर गेली. क्षणभर ते घुटमळले. मी विचारलं, "काय, चाचा?"

"काय न्हाय."

पंधरा दिवसांपूर्वी आपण चिंधी बांधली होती असं त्यांना आठवत असणार. पण चिंधी नव्हती, आणि त्यांचा स्वतःच्या नियमावर विश्वास होता. त्यांनी किक मारली. गाडी सुरू झाल्यावर तेलाच्या टाकीचं टोपण उघडून आत पाहिलं. इंजिनातून तेलाची धार परत येत होती. कॉक बंद करण्याआधी इंजिनाच्या पोटात उतरलेलं तेल होतं ते, तेवढ्यापुरतं. त्यांनी टोपण लावलं आणि दादासाहेबांना मान हलवून इशारा केला.

दादासाहेब गाडीवर, आम्ही बाकीचे मागं जीपमध्ये. मिस्त्री मोडका कान बाहेर काढून बसले होते. पंचगंगेचा पूल गेला, वडणग्याचा फाटा गेला, आणि ते एकदम ओरडले, "थांबवा! दादासाहेब, थांबवा! क्लच दाबा!" जीपमधल्या कुणालाच काही वेगळं ऐकू आलं नव्हतं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. दादासाहेबांना वाटलं, आम्ही खुशीत आहोत. त्यांनी हात हलवला. मग हातोडा पडल्यासारखा आवाज झाला आणि मागचं चाक घासत गाडी थांबली.

आतला दांडा तुटून इंजिनाचं कवच फोडून बाहेर आला होता. रस्त्यावर तुकडे पडले होते. ज्या तुकड्यावर नंबर होता त्याचेही दोन भाग झाले होते. मिस्त्री खाली बसले. त्यांनी ते तुकडे गोळा केले, तळहातावर जुळवून बघितले. मग वाकून टाकीखाली बोट घातलं.

"कॉक बंद हाय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मी चिंधी बांधायची इसरलो. कॉक बंद केला आन् चिंधी बांधलीच न्हाय. चूक माजी हाय, दादासाहेब."

माझा हात खिशात होता. चिंधी बोटांना लागत होती.

दादासाहेब चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. "मिस्त्री, वय झालं आता. चालायचंच," ते म्हणाले. पाहुण्यांपैकी कुणीतरी च्च केलं. मी तोंड उघडलं होतं, हे खरं सांगतो. तेवढ्यात दादासाहेब माझ्याकडं वळले, "मास्तर, पाहुण्यांना जीपमध्ये बसवा." मी पाहुण्यांना जीपमध्ये बसवलं.

इथवरचं कदाचित भीती म्हणून समजून घेता येईल. यापुढचं येत नाही.

आठ दिवसांनी मी बोळात गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. मिस्त्री पाने आणि स्क्रू ड्रायव्हर तेलाच्या फडक्यात एकेक करून गुंडाळत होते. बेळगावचा एक माणूस आपली गाडी घेऊन बसला होता. त्याला त्यांनी हात जोडून परत पाठवलं.

"आमच्या अब्बांचं असंच सुरू झालतं," ते मला म्हणाले. "आदी किल्ली इसरायचे. मग गल्ली इसरले. शेवटी मला इच्चारायचे, तू कुनाचा? माजंबी सुरू झालं वाटतं." मग त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "मास्तर, तुमी शिकल्यालं हायसा. दर आयतवारी माज्याजवळ बसतायसा. खरं सांगा, माज्यात काय फरक वाटत हुता का?"

नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आलाच असता. मग चिंधी कुणी सोडली?

मी म्हणालो, "थोडंसं जाणवत होतं, चाचा."

त्यांनी मान हलवली. "तरीच," म्हणाले, आणि पाना गुंडाळला.

जूनमध्ये मला कायमचा हुकूम मिळाला.

त्यानंतर त्यांनी कुठल्याही इंजिनाला हात लावला नाही. दुसऱ्याची ठेव आहे, माझ्या हातून पुन्हा जायला नको, एवढंच म्हणत. दाराची कडी लावली का ते तीन तीनदा उठून बघत. मी कमी जाऊ लागलो. एकदा भाभींनी मला दारातच गाठलं. "मास्तर, ह्यांचं डोस्कं ठीक हाय हो. माज्या भावाच्या लग्नात कोन कुटं बसलं हुतं ते सांगत्यात. पन माजं ऐकत न्हाईत. म्हनत्यात, मास्तरांनाबी दिसत हुतं. तुमी समजावून सांगा की, तुमचं ऐकतील."

आत मिस्त्री बसले होते. मला बघून माझ्या गाडीचे दोन्ही नंबर त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवले, इंजिनाचा आणि सांगाड्याचा, आणि मग भाभींना विचारलं, "मी जेवलो का गं?" जेवून पाच मिनिटंही झाली नव्हती. त्यांना ते ठाऊक होतं. पण स्वतःच्या ठाऊक असण्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. मी भाभींना म्हटलं, "डॉक्टरांना दाखवा." मी त्याच वर्षी माझी गाडी विकून टाकली.

मिस्त्री गेले तेव्हा त्यांच्या दफनाला मी मागं उभा होतो. आता भाभी नाहीत, दादासाहेबही नाहीत. ओंकारच्या पानावरचं ते वाक्य मी खोडलं आहे आणि समासात माझं नाव घालून खरं काय ते लिहिलं आहे. ते तसंच छाप, असं त्याला सांगणार आहे.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या जाण्याआधीच्या हिवाळ्यात. शनिवारची सकाळची शाळा सुटून मी शाहूपुरीतून जात होतो. बोळाच्या तोंडाशी एक तरुण जुन्या विलायती गाडीला किक मारून घामाघूम झाला होता. गाडी नुकतीच धुतलेली दिसत होती. पलीकडच्या कट्ट्यावर मिस्त्री उन्हाला बसले होते, अंगावर शाल, दोन्ही हात शालीच्या आत. मोडका कान गाडीकडं होता.

त्या तरुणाला कुणीतरी सांगितलं असावं. तो त्यांच्याजवळ गेला. "चाचा, जरा बघता का?"

"न्हाय बाबा, दुसऱ्याला दाखव. आता आमची खात्री न्हाय."

तो परत जाऊन किक मारू लागला. मिस्त्रींनी मला पाहिलं आणि शालीतून हात न काढता मानेनं जवळ बोलावलं. हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, रंकाळ्यावर गाडी धुऊन आनलीया त्यानं. ठिणगी पाडनाऱ्या मॅग्नेटोत पानी गेलंय. टोपन काढून आतनं फडक्यानं पुसायला सांगा, आन् जरा उनात ऱ्हाऊ दे म्हनावं. तुमी सांगा. माजं ऐकून कायतरी इस्कटलं तर उगं पोराचं नुसकान."

मी गेलो आणि सांगितलं. त्यानं टोपण काढलं, पुसलं, आम्ही थोडा वेळ थांबलो. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. तरुण खूश झाला. "सर, तुम्ही एकदम जाणकार आहात," म्हणाला. तो गेला.

मी मागं वळलो. मिस्त्री उठून उभे राहिले होते आणि गाडीचा आवाज स्टेशनच्या बाजूला विरेपर्यंत मान कलती करून ऐकत होते. मग त्यांनी शालीतून एक हात बाहेर काढला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. दुखणं त्यांनीच ओळखलं होतं, तरी थाप मला मिळाली.

"शाब्बास, मास्तर," ते म्हणाले. "तुमाला कळाय लागलं आता."